ठकीचं पाणी

“अगं, आधी पाय धू. ती पाल कुठं पळून चाललेली नाही.”

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, पण ऐकतंय कोण. सांगलीहून एसटीत उभ्यानं आलेली, खांद्याला आईनं दाबून भरलेली पिशवी, चपला चिखलानं माखलेल्या, अशा अवतारात मी तडक मधल्या खोलीत ठकीच्या टाकीपुढे जाऊन उभी राहिले.

ठकी म्हणजे माझी अॅक्सोलॉटल. बेडकाच्या लांबच्या नात्यातला, जन्मभर पाण्यातच राहणारा जीव. वीतभर लांबी, गुलाबीसर पांढरं अंग, चार आखूड पाय, चपटं शेपूट आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांच्या तुऱ्यांसारखे कल्ले. तोंडाची ठेवणच अशी की बघावं तेव्हा ही आपली हसतेय. माझी मैत्रीण परदेशी जाताना तिला माझ्या गळ्यात मारून गेली आणि मला तिचा असा काही लळा लागला की लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी हृषीला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, “नवरीबरोबर पाठराखीण येते ना, तशी माझ्याबरोबर ही येणार. जमत असेल तर पुढचं बोलू.” तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. लग्नानंतर माझे बाबा गाडीच्या मागच्या सीटवर झाकणाची बादली मांडीत धरून कऱ्हाडात उतरले, तेव्हा त्याला कळलं.

सासूबाईंनी बादलीत डोकावून एकच शब्द उच्चारला, “पाल.” तो शब्द मग कायमचा चिकटला. सासरे म्हणजे अण्णा. ते म्हणाले, “मासे पाळावेत. हे काय मधलंच.” आणि पेपर वाचायला बसले.

अण्णा मुळातच कमी बोलायचे आणि माझ्याशी तर नाहीच. मी समोर उभी असले तरी सासूबाईंना म्हणायचे, “तिला सांग, चहा ठेव.” उभा जन्म गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढलेला माणूस. गढूळ पाणी आत घ्यायचं आणि नितळ पाणी बाहेर सोडायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. प्यायच्या पाण्याचा पेला आधी खिडकीच्या उजेडात धरायचे, निरखायचे आणि मगच तोंडाला लावायचे. हृषी पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा आणि रविवारी रात्री परत. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघं आणि ठकी.

त्यात आखाड आला. नवी नवरी आखाडाला माहेरी जाते, तशी मीही गेले. ठकीला एसटीत हिंदकळत नेणं शक्य नव्हतं. मोठी झालेली अॅक्सोलॉटल पाच-सहा दिवस उपाशी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही, म्हणून शनिवार-रविवारी हृषी तिला गांडुळं भरवेल आणि एरवी कुणी काही करू नका, असं सांगून मी गेले होते.

आणि आता टाकीपुढे उभी राहून मी बघत होते. पाणी इतकं नितळ की काचेच्या आत पाणी आहे की नुसती हवा, समजू नये. आमच्या अपार्टमेंटला विहिरीचं पाणी. पावसाळ्यात ते कायम जरा तांबूसच यायचं. ठकीला ते सोसायचं, कारण त्यात औषध-बिवषध काही नसायचं. पण असं आरशासारखं पाणी त्या टाकीत मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या सुंदर पाण्यात ठकी मात्र भयंकर दिसत होती. कल्ले एरवी मागं फुललेले असायचे, ते पुढं वळून गालांना चिकटले होते. त्यांच्यावरचे लाल रोम आखडून अगदी तोकडे झाले होते. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. अंगावरून साबणाच्या फेसासारखा बुळबुळीत पापुद्रा सुटत होता. ती तळाशी बसेना. सारखी वर यायची, हवेचा घोट घ्यायची, खाली जायची आणि परत वर.

“आई, हिला कुणी काही घातलं का?”

“मी? मी त्या खोलीत केर काढते तोसुद्धा तोंडाला पदर लावून.”

“फिनेल?”

“फिनेल फरशीला लावतात गं, टाकीला नाही.” सासूबाईंना राग आला होता. “आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता कोर्टकचेरी सुरू.”

अण्णा दारापर्यंत आले, एकवार टाकीकडे बघितलं आणि गेले.

मी कामाला लागले. अॅक्सोलॉटलचे कल्ले पुढं वळले, शेपटीला आकडा आला आणि ती खायची थांबली, की समजायचं, हिला पाणी सोसत नाहीये. औषध नंतर, पाणी आधी. सगळं पाणी काढलं, विहिरीचं ताजं पाणी ड्रममध्ये ठेवून टाकीएवढं गार होऊ दिलं आणि मग भरलं. टाकीवर ओलं फडकं टाकलं, पंखा लावला. दुसऱ्या दिवशी ठकी तळाशी बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी कल्लेही थोडे मागं गेले. मला हुश्श झालं.

दोन दिवस गेले आणि पुन्हा तेच. पुन्हा कल्ले पुढं, पुन्हा शेपटीला आकडा, पुन्हा वर येऊन घोट घेणं. मी पुन्हा पाणी बदललं, पुन्हा ती सावरली, पुन्हा बिघडली. तिसऱ्या खेपेला तर कल्ल्यांवर कापसासारखा पांढरा बुरा दिसला. बुरशी. आधीच खंगलेल्या अंगाला ती लागली की हे जीव बघता बघता जातात. त्या दिवशी मी टाकीपुढे बसून चक्क रडले. नवं गाव, नवं घर, नवरा पुण्याला, आणि माझं म्हणून जे एक होतं ते डोळ्यांपुढे चाललं होतं.

सासूबाई आल्या. मला रडताना बघून घुटमळल्या. मग म्हणाल्या, “मुळीक डॉक्टरला बोलव.”

“ते म्हशींचे डॉक्टर आहेत ना?”

“मग काय झालं. जनावर ते जनावर. माझ्या माहेरची एक म्हैस त्यानं मेलेली उठवली होती.”

मुळीक डॉक्टर मोटारसायकलवरून आले. गमबूट दारात काढले, टाकीपुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसतेच बघत राहिले.

“पहिल्यांदाच सांगतो वहिनी, मी यातला नाही. मला हिची नाडी कुठं असते तेही ठाऊक नाही.”

“मला बुरशीचं माहीत आहे, डॉक्टर. खडेमिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचं. पण ही सारखी सारखी बिघडते का, ते कळत नाही.”

“सारखी म्हणजे?”

“पाणी बदललं की सुधारते. दोन दिवसांत परत तसंच.”

“गोठा धुतला की म्हैस बरी आणि दोन दिवसांत परत आजारी, असं कुणी मला सांगितलं तर मी म्हैस नाही बघणार, गोठा बघेन. त्या दोन दिवसांत काय होतं इथं?”

“काहीच नाही. उलट पाणी छान नितळ होतं.”

“आपोआप?”

मोरीत त्याच पाण्यानं भरलेला ड्रम होता. मी उठून झाकण काढलं. पाणी तांबूस. तळ दिसत नव्हता. टाकीतलं पाणी त्याच ड्रममधलं, त्याच दिवशी भरलेलं, आणि त्याच्या आरपार पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं.

डॉक्टरांनी दोन्हीकडे बघितलं, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, “मी निघतो. घरगुती मामला दिसतोय.” फी घेतली नाही. सासूबाईंनी चहा पाजला तेवढाच.

आता मला राग चढला. घरात माणसं तीन. त्यातली एक मी. सासूबाई ठकीला पाल म्हणायच्या, पण खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. तरी माझा संशय त्यांच्यावरच, कारण अण्णा त्या खोलीच्या दारातून आत पाऊल टाकतानाही कधी दिसले नव्हते. दुपारी जेवणं झाल्यावर मी पिशवी घेतली, “मंडईत जाऊन येते” म्हणाले, जिना उतरले, खाली जरा वेळ उभी राहिले आणि मांजराच्या पावलांनी परत वर आले. लॅचची किल्ली होतीच.

सासूबाई स्वयंपाकघरात चटईवर घोरत होत्या. मधल्या खोलीत कुणीतरी बोलत होतं.

मी दाराशी थांबले. अण्णा टाकीपुढे स्टुलावर बसले होते. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर केलेली. हातात दोऱ्याला बांधलेला पांढरा खडा, तो पाण्यात बुडवून ते हळूहळू गोल फिरवत होते. तुरटी. गढूळ हंड्यात घरोघरी फिरवतात ती. आणि हा माणूस, जो माझ्याशी सबंध वाक्य बोलत नव्हता, तो ठकीशी बोलत होता.

“...असं वर-खाली करायचं नाही. दमायला होतं. गढूळ पाण्यानंच सगळी दुखणी येतात, मला विचार. संध्याकाळपर्यंत बघ कसं लख्ख होतंय. तू लवकर बरी हो बाई. ती माहेराहून आलीय तेव्हापासून तुझ्यापायी अर्धपोटी उठते. भाकरीचे तुकडे करत बसते नुसते. आधीच तिला इथं करमत नाही. आल्यावर तिनं म्हणावं की आमच्या ठकीला नीट ठेवलंय या लोकांनी, म्हणून मी आपलं...”

मी भांडायच्या तयारीनं आले होते. कंबर कसूनच. आणि आता हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

“अण्णा,” मी म्हणाले.

ते दचकून उभे राहिले. दोरा सुटला आणि तुरटीचा खडा तळाशी गेला.

“खडा काढा आधी. पटकन.”

मी त्यांच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी मुकाट्यानं हात घालून खडा काढला. मी ठकीला जाळीत घेऊन ड्रममधल्या साध्या पाण्याच्या टबात सोडलं. ती तळाला टेकली आणि निपचित पडून राहिली.

“पाणी जरा साफ करत होतो,” अण्णा म्हणाले. सदऱ्याला हात पुसत होते.

“तुरटीनं पाणी आंबट होतं, अण्णा. तिच्या कल्ल्यांना झोंबतं. ती त्यांनीच श्वास घेते. म्हणून ती हवेसाठी वर येत होती.”

ते स्टुलावर बसले.

“म्हणजे हे मी केलं,” मग म्हणाले. “तू माहेरी गेलीस तेव्हापासून करतोय. ती बिघडली तसा जास्त फिरवायला लागलो. आख्खं गाव माझ्या हातचं तुरटीचं पाणी प्यालं. कुणाला काही झालं नाही.”

“गाव ते पाणी प्यालं, अण्णा. त्यात राहिलं नाही.”

हे बोलले आणि मलाच हसू आलं. रडताना हसू यावं तसं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, त्यांचा चेहरा अगदी पडला होता, आणि मग तेही कसंनुसं हसले. सासूबाई घोरायच्या थांबून उठून आल्या आणि आम्हा दोघांना असं बघून म्हणाल्या, “काय चाललंय? गेली की काय पाल?”

“नाही गेली,” अण्णा म्हणाले. “जाऊ द्यायची नाही.”

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण पुढचे दिवस मला अजून लख्ख आठवतात. टब न्हाणीघराशेजारच्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. सकाळ-संध्याकाळ सगळं पाणी बदलायचं. दिवसातून एकदा खडेमिठाच्या पाण्यात ठेवायचं आणि लगेच परत काढायचं. देशी बदामाची वाळलेली पानं पाण्यात टाकायची, त्यानं कातडी निवते. पाणी उपसायचं आणि वाहायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं. मी बादली उचलायला गेले की म्हणायचे, “ठेव. हे माझं काम.” बदामाची पानं त्यांनी पोस्टाच्या आवारातल्या झाडाखाली वाकून वाकून वेचली. पोस्टमननं विचारलं, कशाला हवीत, तर म्हणाले, “घरात पेशंट आहे.” तो बिचारा दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला आला.

सासूबाईंनी तर माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढलं. चिंच लावून घासून लखलखीत केलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “प्लास्टिकच्या टबात काय ठेवतेस त्या मुक्या जिवाला. यात ठेव.”

“आई, तिला तांबं चालत नाही. विष होतं.”

“माझ्या लग्नातलं आहे.”

“तरी नाही चालत.”

“भारीच नखरे हिचे,” त्या म्हणाल्या, पण पाल म्हणाल्या नाहीत.

आणखी एक झालं. तुरटीचा उलगडा झाला त्याच संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, “तुझ्या वडिलांचा नंबर दे.”

“कशाला?”

“सांगितलं पाहिजे. त्यांनी मांडीवर धरून आणली होती. माझ्या हातून असं झालं, हे त्यांना दुसऱ्याकडून कळू नये.”

मी खूप म्हटलं, राहू दे. ऐकले नाहीत. गॅलरीत उभं राहून फोन लावला आणि ज्या व्याह्याशी लग्नातही नमस्कारापलीकडे बोलले नव्हते, त्याला सगळं सांगितलं. पलीकडून बाबा काय म्हणाले कोण जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी बाबांचाच फोन यायला लागला आणि तोही अण्णांना. अण्णा सांगत असायचे, “आज बुरशी कमी आहे, जगदाळेसाहेब. डाव्या बाजूची जवळजवळ गेली.” “शेपूट सरळ झालं.” “नाही, अजून नाही खाल्लं.”

खरी काळजी तीच होती. बुरशी गेली, कल्ले मागं गेले, त्यांच्यावर लाल रोम परत फुटायला लागले, पण ठकी तोंड उघडेना. गांडूळ नाकापुढे धरलं तरी ती मान वळवायची. अंग बारीक झालं होतं, डोकं उगाच मोठं दिसायला लागलं होतं. मुळीक डॉक्टर एकदा सहज म्हणून डोकावून गेले आणि म्हणाले, “खाल्लं तर जगली वहिनी. नाही तर मीठ-पाणी किती दिवस पुरणार?” त्यांनी हे अण्णांसमोर म्हणायला नको होतं. अण्णांनी त्या दिवसापासून बागेतल्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर जाणं बंद केलं. सकाळी पाऊस असो नसो, डोक्यावर पोतं घेऊन अपार्टमेंटच्या मागं गांडुळं उकरायचे, धुवायचे, त्यातलं बारीकसं निवडायचे आणि चिमट्यात धरून टबापाशी बसायचे. ठकी तोंड फिरवायची. ते उठायचे, संध्याकाळी परत बसायचे.

“अण्णा, जेवून घ्या ना,” मी म्हणायचे.

“तू जेवलीस?”

“नाही.”

“मग मला काय सांगतेस.”

एका संध्याकाळी हृषी पुण्याहून आला होता. सासूबाईंनी पिठलं-भाकरी केली होती. हृषी आणि मी पानावर बसलो आणि अण्णा नेहमीप्रमाणे टबापाशी. सासूबाई तव्यावरून गरम भाकरी टाकत म्हणाल्या, “यांना हाक मारा, नाहीतर तिथंच मुक्काम करतील.”

हाक मारायची वेळच आली नाही. अण्णा स्वतःच दारात आले. हातातल्या चिमट्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. चिमटा रिकामा होता.

“पडलं का गांडूळ?” हृषीनं विचारलं.

“खाल्लं,” अण्णा म्हणाले. “अशी मान फिरवली आणि मग एकदम झडप घातली. चिमटासुद्धा ओढला.” त्यांनी चिमटा आम्हाला दाखवला, जणू त्यावर दातांचे वण असणार होते. सासूबाईंनी तवा उतरवला, त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि त्यांना पाटावर बसवलं.

“बसा. आधी दोन घास खा,” त्या म्हणाल्या. “जेवली ती. आता तुम्ही जेवा.”

मी उठून बघून आले. ठकी तळाशी पाय पसरून बसली होती, कल्ले फुललेले, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून गांडुळाचं टोक अजून बाहेर लोंबत होतं. दोन झटके दिले आणि तेही आत गेलं. मी परत येऊन पानावर बसले. सगळे नुसते खात होते. इतकं चवदार पिठलं त्या घरात त्याआधी मी कधी खाल्लं नव्हतं, की कदाचित चवीकडे लक्षच दिलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. बाबांचा. अण्णांचा हात पिठल्यानं भरलेला, म्हणून हृषीनं स्पीकर लावून मधे ठेवला.

“नमस्कार. काय म्हणते ठकी?” बाबांचा आवाज आला.

“जेवली,” अण्णा म्हणाले. “आत्ताच. आख्खं गांडूळ.”

पलीकडे बाबांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. मग त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

“आणि गौतमी?”

अण्णांनी माझ्या ताटाकडे बघितलं. नीट निरखून, उजेडात पेला धरायचे तसं. मग डाव्या हातानं टोपलीतली भाकरी उचलली आणि माझ्या पानात वाढली.

“तीही जेवतेय,” ते म्हणाले. “तिसरी घेतलीय. काळजी करू नका, जगदाळेसाहेब, दोघी आमच्याकडे आहेत.”